उत्तरसूची नसलेलं चित्र

चौथीच्या बाईंचा आवाज म्हणजे शाळेच्या मालमत्तेतलाच एक ऐवज होता. बाकं, फळे, पाण्याची टाकी आणि बाईंचा आवाज. फाटकाशी मुलांना सोडायला आलेल्या पालकांना आत सातचा पाढा चालू आहे की आठचा, हे तिथं उभ्या उभ्या समजायचं. एकदा शाळेची घंटा बिघडली तेव्हा शिपाई सरळ त्यांच्या वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाला होता, "बाई, सुट्टी झाल्याचं तेवढं ओरडता का?" आणि बाई ओरडल्या होत्या. घरी जाऊन नवऱ्याला हे सांगताना त्यांना केवढा तरी अभिमान वाटला होता.

तोच आवाज यंदा सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात दगा देऊन गेला. हजेरी घेताना अर्ध्यातच घशातून नुसती हवा येऊ लागली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. ओरडणं बंद. कुजबुजणंही बंद, कारण त्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो. अगदी गरजेपुरतं, हळू, दिवसाला चार-दोन वाक्यं.

"मग मी शिकवू कशी?" बाईंनी फाटक्या आवाजात विचारलं.

"हे खरं तर लिहून विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

आता, दुसरी कुठली शाळा असती तर बाई निमूटपणे रजा टाकून घरी बसल्या असत्या. पण या शाळेची एक पद्धत होती. पहिलीला जो वर्ग हाती येई, त्याच वर्गाबरोबर शिक्षकानं चौथीपर्यंत जायचं. म्हणजे ही मुलं बाईंकडे आली तेव्हा त्यांना बुटांचे बंदही बांधता येत नव्हते. कुणाचा पहिला दात वर्गात पडला, कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण खोटं बोलताना कान खाजवतं, हे सगळं बाईंना पाठ होतं. हे मुलांचं इथलं शेवटचं वर्ष. वर्ष संपलं की मुलं मोठ्या शाळेत जाणार, आणि मग रस्त्यात भेटली तर ओळख देतील न देतील. हे शेवटचं वर्ष दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकायला बाई तयार नव्हत्या.

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी बाईंना बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं, "नव्या मॅडम आहेत ना, त्या घेतील चौथी. तुम्ही या वर्षी ग्रंथालय सांभाळा. घशाला आराम पडेल."

बाईंच्या गळ्यात आता एक छोटा पांढरा फळा आणि पेन लटकत असे. त्यावर त्यांनी लिहिलं, 'नाही.' ते जरा उद्धट दिसतंय असं वाटून पुढं 'सर' जोडलं.

मोठे सर हसले. माणूस वाईट नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. "बरं," ते म्हणाले. "वर्गात पडदा बसवलाय, इंटरनेट आहे. ऑनलाइन म्हणे शिक्षकांसाठी सगळं मिळतं. तुमचे अपूर्णांक सुरू व्हायचेत ना? पुढच्या शुक्रवारी मी वर्गात येऊन बसतो. आवाजाशिवाय जमतंय असं दिसलं तर वर्ग तुमचा. नाही जमलं, तर बाई, मुलांचं नुकसान मला करता येणार नाही."

बाईंनी मान डोलावली. तो पडदा बसवल्यापासून त्यांनी तो फक्त पुसला होता.

घरी येऊन त्या संगणकापुढं बसल्या आणि शोधायच्या चौकोनात लिहू लागल्या. 'कृपया इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना अपूर्णांक ही संकल्पना सोप्या व मनोरंजक पद्धतीने शिकवण्यासाठी योग्य साहित्य सुचवावे.' शेवटी 'कळावे' तेवढं राहिलं. समोर जे उघडलं ते पाहून त्यांना घेरीच यायची बाकी होती. अस्वलं केक कापत होती. ससे अंश-छेदांवरून उड्या मारत होते. एका ठिकाणी साठ पानांचा सरावसंच होता, तो उघडायला आधी नाव, पत्ता, शाळेचं नाव, जन्मतारीख सगळं द्यायचं होतं. दुसऱ्या ठिकाणी धडा सुरू होण्याआधी केस गळण्यावरच्या तेलाची जाहिरात लागली आणि ती काही केल्या बंद होईना.

मदतीला शाळेतले संगणकाचे सर धावून आले. शिक्षकांच्या ग्रुपवर ते रोज सकाळी काही ना काही पाठवत आणि खाली लिहीत, 'अत्यंत उपयुक्त, जरूर पाहा.' पाठवण्याआधी ते स्वतः पाहत नसत, हे जगजाहीर होतं. त्यांनी एका दमात बाईंच्या फोनवर लिंकांचा पाऊस पाडला. त्यात दोन अपूर्णांकांच्या, एक ज्वालामुखीची आणि एक गुडघेदुखीवरच्या व्यायामाची निघाली.

पण बाई चिवट. त्यांनी निवडीची स्वतःची रीत बसवली. जे सापडेल ते आधी नवऱ्याला दाखवायचं. नवरा निवृत्त बसचालक. शाळेत असताना गणिताच्या तासाला तो जो डुलक्या काढायला शिकला, ती विद्या त्यानं अजून जपली होती. तो जागा राहिला तर धडा पास, झोपला तर नापास. दुसरी अट अशी की खाली उत्तरसूची पाहिजे. बाईंचा हा नियम नोकरीइतकाच जुना होता. ज्याला उत्तरसूची नाही ते साहित्य त्या हातात धरत नसत. उत्तराशिवाय प्रश्न म्हणजे बिनझाकणाचा डबा, असं त्या नव्या शिक्षकांना नेहमी सांगायच्या.

सोमवारसाठी त्यांनी जे निवडलं ते खरोखर देखणं होतं. एक तरुण शिक्षिका मधाळ आवाजात अपूर्णांक समजावत होती. नवरा शेवटपर्यंत जागा होता, पण त्याचं कारण शिक्षिकाही असू शकत होती, तेव्हा बाईंनी ते फारसं धरलं नाही. उत्तरसूची मात्र चोख होती.

वर्गात पडदा लागला. मुलं रंगून गेली. पडद्यावरची शिक्षिका म्हणाली, "एक चतुर्थांश म्हणजे चारांतला एक. कळलं?" मुलं एका सुरात ओरडली, "होऽऽ!" शिक्षिका म्हणाली, "बरोबर?" मुलं म्हणाली, "बरोऽबर!" बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. आपल्या जागी दुसरीच कुणी शिकवतेय आणि मुलांना आपली आठवणही येत नाही, हे पाहून त्यांना चांगलंच झोंबलं. पण काम फत्ते झालं होतं, तेव्हा त्यांनी ते गिळलं.

तास संपताना त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. 'मोठं काय, एक तृतीयांश की एक चतुर्थांश?'

जवळजवळ साऱ्या वर्गानं लिहिलं, एक चतुर्थांश. का, तर तिनापेक्षा चार मोठे.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. आधी त्यांना त्या मधाळ बाईचा राग आला. मग वह्या चाळता चाळता लक्षात आलं की ती जे करत होती ते त्या स्वतः आजवर करत आल्या होत्या, फक्त दुप्पट मोठ्यानं. कळलं का? होऽऽ. बरोबर? बरोऽबर. त्या 'हो'च्या आरोळीत किती जणांना खरंच कळलेलं असायचं? आवाज होता तेव्हा त्या तोच धडा पुन्हा पुन्हा सांगत, पार डोक्यात ठोकून बसवत, आणि निभावून जाई. आता ठोकायला हातोडीच नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना खरी भीती वाटली. ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागली.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्या शोधत राहिल्या. रंग चढत गेले, ससे वाढले, नवरा झोपत गेला. शुक्रवार दोन दिवसांवर आला. संगणक बंद करता करता एक अगदी साधं पान उघडलं. ना रंग, ना गाणं. कुणा शिक्षकानं आपल्या वर्गासाठी केलेलं असावं, नावसुद्धा घातलं नव्हतं. एक लांबट आयत काढलेला, आणि त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या दोन रेघा. आयताचे चार तुकडे झालेले. वरचा आणि खालचा पसरट, डावा-उजवा उंच आणि निमुळते. खाली एवढंच लिहिलेलं, 'हे चार भाग सारखे आहेत का? वर्गाला विचारा आणि थांबा.'

बाईंनी पान खाली सरकवलं. खाली काही नव्हतं. अजून सरकवलं. पान पूर्ण उघडलं नसेल म्हणून पुन्हा उघडलं. मग संगणकाच्या सरांना कळवलं, 'उत्तरसूची दिसत नाही. आमचं इंटरनेट हळू आहे का?'

सरांचं उत्तर आलं, 'बाई, पान एवढंच आहे.'

कसला हा अर्धवटपणा, असं मनात म्हणत बाई जेवायला उठल्या. संगणक तसाच उघडा राहिला. नवरा ताट घेऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसला. घास घेता घेता म्हणाला, "हे काय? चार भाग? सारखे कुठंयत? आडवे दोन मोठे आहेत की!"

बाईंनी मान हलवली. सारखे असणार, असं त्यांना वाटत होतं.

"अगं, डोळ्यांना दिसतंय ना! या आडव्यात मी आरामात झोपेन. त्या उभ्यात माझे खांदेसुद्धा मावायचे नाहीत."

बाईंनी गळ्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'उभे उंच आहेत.'

"उंच असून काय उपयोग? निमुळते आहेत. मी आयुष्यभर बस वळवली, जागेचा अंदाज मला नको शिकवूस."

'सारखेच आहेत,' बाईंनी खाली दोन रेघा मारून लिहिलं.

"मग दाखव कसे ते!"

आणि बाईंना दाखवता येईना. अपूर्णांक शिकवण्यात जन्म गेला, पण त्या नेहमी गोल आणि सरळ पट्ट्याच काढत. ज्यात तुकडे सारखे दिसतातच, अशी चित्रं. बोटानं ताटात रेघा ओढून बघितल्या, जमेना. नवऱ्यानं वर्तमानपत्राचं पान फाडलं, मापं घेतली, तुकडे एकमेकांवर ठेवले. ते बसेनात, तसा तो विजयी मुद्रेनं म्हणाला, "बघ!" बाईंनी तुकडे हिसकावून घेतले. दोघांची ताटं सुकली. कधी नव्हे ते नवरा जेवल्यावर पलंगाकडे गेला नाही.

भांडी घासताना बाईंच्या हाताला उत्तर लागलं, ते काय हे पुढं येईलच. हात पुसून त्या नवऱ्याला सांगायला वळल्या. तो अजून कागदावर वाकून बसला होता, कपाळाला आठ्या घालून. आणि बाई दारातच थबकल्या. ती मधाळ शिक्षिका सोडली, तर इतक्या दिवसांत जे जे दाखवलं त्यावर हा झोपला होता. जागा राहिला तो एकाच चित्रासाठी. ज्याचं उत्तर कुणी देत नाही, आणि बायकोलाही बोलता येत नाही, अशा. इतके दिवस आपण आपल्यासारखं बोलणारं कुणीतरी शोधत होतो. आपल्याला बोलायलाच लागू नये, असं काहीतरी शोधायला हवं होतं.

शुक्रवारी मोठे सर आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुलांच्या बाकावर त्यांचे गुडघे पार छातीशी आले होते. बाईंनी पडद्यावर तो आयत लावला आणि फळ्यावर लिहिलं, 'हे चार भाग सारखे आहेत का?'

"होऽऽ!" वर्ग सवयीनं ओरडला.

बाईंनी मान डोलावली नाही. हलवलीही नाही. मुलं त्यांच्या चेहऱ्याकडे बघू लागली. उत्तर नेहमी तिथंच सापडतं, हे त्यांना पहिलीपासून ठाऊक होतं. बाईंनी सरळ पाठ फिरवली आणि खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात शांतता पसरली. ती इतकी लांबली की मोठ्या सरांनी घसा खाकरला.

मग एक मुलगी उभी राहिली. सारा वर्ग तिला वकील म्हणत असे, कारण खडू संपला यावरूनही ती वाद घालू शके. "नाहीयेत सारखे!" ती म्हणाली. "आडवे जाडे आहेत. मला वाटणीत उभा आला तर मी घेणारच नाही!"

"उभा उंच आहे गं, बघ तरी!" मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा म्हणाला.

"उंच म्हणजे मोठा का? तू उंच आहेस, मोठा आहेस का?"

हशा पिकला आणि वर्ग फुटला. बाईंनी कागदांची चळत मधोमध ठेवून दिली. ज्यानं त्यानं उचलले. कुणी कापलं, कुणी मोजपट्टी लावली, कुणी नुसतंच तावातावानं बोललं. वकिलाच्या बाजूनं अर्ध्याहून जास्त वर्ग गेला. बाई बाकांमधून फिरत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. एक मुलगा अगदी उत्तराच्या उंबरठ्यावर येऊन परत फिरला, तेव्हा त्यांचा जीव नुसता तुटला.

तास संपत आला. मोठ्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहून भुवया उंचावल्या. बाईंच्या वाट्याची वाक्यं सकाळपासून शिल्लक होती. एक वाक्य पुरलं असतं. हो, सारखे आहेत, हे बघा असे. मुलं 'होऽऽ' म्हणाली असती, फळ्यावर उत्तर आलं असतं, सर खूश होऊन उठले असते, आणि वर्ग बाईंचा झाला असता. वाक्य अगदी जिभेवर आलं. बाईंनी ते परत गिळलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मोठे सर कष्टानं बाकातून सुटले. दाराशी थांबून हळूच म्हणाले, "बाई, फळ्यावर उत्तर आलं नाही. निम्मा वर्ग अजून चुकीचंच सांगतोय." आणि बाहेर पडले.

संपलं, असं बाईंना वाटलं. त्या व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकल्या. रडू आलं नाही. समोर मैदानात इतर वर्गांची मुलं धावत होती. आपली मुलं बाहेर आलीच नाहीत, हे त्यांच्या जरा वेळानं लक्षात आलं. आतून कल्ला ऐकू येत होता.

कुणीतरी साडीचा पदर ओढला. वकील उभी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मुठीतला चुरगळलेला कागद उलगडला. "बाई, मी चुकले," ती म्हणाली. "हे बघा. आडवा तुकडा मधोमध दुमडला. उभा पण मधोमध दुमडला. आता ठेवते हं एकावर एक." दोन्ही दुमडलेले तुकडे उलटसुलट फिरवून तिनं एकमेकांवर ठेवले. ते तंतोतंत बसले. "अर्धा अर्ध्यावर बसतोय. म्हणजे अख्खे पण सारखेच. दिसत नाहीत, पण आहेत."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात फेरी मारून ऑफिसकडे परतणारे मोठे सर तिथं थांबले. "काय गं, काय निघालं मग? सारखे की नाही?"

वकिलानं झटकन कागद पाठीमागं लपवला. "सर, आत्ता नाही सांगायचं."

"का बरं?"

"आत ते अजून शोधतायत ना. मी सांगितलं तर त्यांचं संपेल."

"मग मला एकट्याला सांग."

तिनं क्षणभर विचार केला. मग खिशातून एक कोरा कागद काढून त्यांच्यापुढं धरला. "तुम्ही पण करून बघा ना, सर. फार अवघड नाहीये."

मोठ्या सरांनी कागद घेतला. त्या पोरीकडे बघितलं, मग वर्गाच्या दाराकडे. आत भांडण ऐन रंगात होतं. एक मुलगा बाकावर उभा राहून दुसऱ्याला कागद दाखवत होता.

"बाई," सर म्हणाले, "ग्रंथालयाचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. तुम्ही आपल्या वर्गात जा." आणि तो कागद दुमडत दुमडत ते ऑफिसकडे निघून गेले.

आता मात्र बाईंचे डोळे भरून आले. "बाई, रडताय?" वकिलानं विचारलं. त्यांनी आधी मान हलवली, मग डोलावली.

दोघी आत गेल्या. वकील आपल्या बाजूच्या, अजून चुकीचंच ओरडणाऱ्या मुलांमध्ये जाऊन बसली. कुणीतरी तिला हलवून म्हणालं, "सांग ना गं, आडवेच मोठे ना?" तिनं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून धरले. तिचे गाल फुगले होते, डोळे चमकत होते, आणि ते किती कठीण असतं हे त्या वर्गात बाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.